चर्चमध्ये सेवा सुरू करताय? पहिल्या वर्षासाठी काही पायऱ्या

भक्ती संपते, आशीर्वाद होतो, लोक बाहेर पडतात आणि एखादा माणूस दाराशी रेंगाळतो. त्याला विचारायचं असतं, "मलाही मंडळीसाठी काहीतरी करायचंय, कोणाला सांगू?" अकरा वर्षांपूर्वी मी असाच रेंगाळलो होतो. नेवासे तालुक्यातल्या गावातून नोकरीसाठी पुण्यात आलो होतो. गावच्या छोट्या मंडळीत पेटीवर मीच बसायचो, त्यामुळे इथेही कोणालाही न विचारता एका रविवारी थेट गायनमंडळात जाऊन उभा राहिलो. सरावाला कधी न दिसलेला माणूस पाहून गायनमंडळाच्या ताईंनी मला मागे बसायला सांगितलं. मला इतकं लागलं की पुढचे दोन महिने मी चर्चला गेलोच नाही.

मग एक दिवस आमच्या पाळकीणबाई घरी आल्या, चहा घेतला आणि निघताना म्हणाल्या, "रविवारी प्रभुभोजन आहे. पेले धुवायला एक माणूस कमी आहे, याल का?" (प्रभुभोजन म्हणजे प्रभू येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी.) माझी सेवा तिथून सुरू झाली. ज्या गोष्टी मला कोणी आधी सांगितल्या असत्या तर ते दोन महिने वाया गेले नसते, त्या इथे लिहितो आहे. मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मराठी मंडळीत आहे, त्यामुळे उदाहरणं तिथलीच आहेत. कॅथलिक वाचकांसाठी मध्ये थोडं वेगळं लिहिलं आहे.

१. आधी दोन-तीन महिने नुसतं या

नियमित या, ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी या, आणि बघा. दार कोण उघडतं, पंखे कोण लावतं, म्हाताऱ्या आजींना पायऱ्यांवरून कोण आणतं, दानाची झोळी कुठून निघून कुठे जाते? हे समजलं की मंडळीत कुठे हात कमी पडतात ते आपोआप दिसायला लागतं.

दुसऱ्या गावाहून आलेल्यांनी हे जास्तच मनावर घ्यावं. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळे चर्चपंथ एकत्र येऊन बनली. नाव एक झालं, पण सवयी आपापल्या राहिल्या. जुन्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) चर्चमध्ये गुडघे टेकून, छापील प्रार्थनेप्रमाणे उपासना चालते. वेदीचं कापड काळानुसार बदलतं: आगमनकाळात (नाताळच्या आधी) आणि उपवासकाळात (ईस्टरच्या आधी) जांभळं, नाताळ आणि ईस्टरला पांढरं, पेंटेकॉस्टला (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाला) लाल, एरवी हिरवं. नगर भागातल्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत उपासना साधी असते, भजनाला जास्त जागा असते. मी दुसऱ्या प्रकारातून पहिल्या प्रकारात आलो होतो. "आमच्या गावाला असं नसतं" हे वाक्य मी पहिल्या वर्षी किती वेळा बोललो असेन! तुम्ही एकदाही बोलू नका.

२. पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) वेळ घेऊन भेटा

रविवारी दाराशी हात मिळवताना सेवेचा विषय काढू नका. त्या पाच मिनिटांत पाळकांपुढे चाळीस माणसं असतात. फोन करून आठवड्यातली वेळ मागा. भेटल्यावर तीन गोष्टी स्पष्ट सांगा. महिन्यातून नेमके किती तास देऊ शकता? हाताशी कोणतं काम आहे, म्हणजे स्वयंपाक, वायरिंग, हिशेब, गाडी चालवणं, मुलांना शिकवणं? आणि कोणतं काम जमणार नाही? तिसरी गोष्ट लोक संकोचाने सांगत नाहीत आणि पुढे अडकतात. मला रक्त बघवत नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं, म्हणून अपघात विभागातल्या रात्रीच्या फेऱ्या माझ्याकडे कधी आल्या नाहीत.

सोबत एका पिशवीत हे ठेवा:

- बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वासाची जाहीर कबुली) झालं असल्यास त्याचा दाखला
- आधीच्या मंडळीच्या पाळकांचं सभासदत्वाचं पत्र
- आधारकार्डाची प्रत, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो, घरच्या एका माणसाचा फोन नंबर
- मुलांमध्ये काम करायचं असेल तर तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची नावं आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र (चर्चने मागितलं नाही तरी काढा)
- गाडी चालवणार असाल तर परवाना आणि विम्याची प्रत

आधीच्या मंडळीचं पत्र आणायला वेळ लागतो, कारण गावच्या पाळकांकडे तीन-चार गावांची मंडळी असते. ते आज मागा.

बाप्तिस्मा झाला नसेल, किंवा जोडीदार ख्रिस्ती नसेल, तरी सेवेचं दार बंद नसतं. प्रभुभोजन वाटणं किंवा चर्चच्या कारभाराच्या कमिटीवर जाणं याला सभासदत्व आणि नेमणूक लागते. खुर्च्या, जेवण, रक्तदान शिबिर, मुलांच्या अभ्यासिकेत गणित शिकवणं याला पाळकांची परवानगी पुरते. आमच्याकडे दर नाताळला विजेचं सगळं काम एका भगिनीचे हिंदू यजमान करतात, आणि तेवढं काटेकोर काम दुसऱ्या कोणाला जमत नाही.

३. पहिलं काम हातांचं घ्या

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात प्रभू येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पेत्राला ते सहन होत नाही. हा अध्याय मी लहानपणापासून ऐकत होतो, पण चर्चच्या मागच्या मोरीत दीडशे छोटे पेले धुताना तो मला पहिल्यांदा कळला. तिथे आपल्याला कोणी बघत नाही आणि कोणी नाव घेत नाही. तरी पुढच्या वेळी तोच पेला कोणाच्या तरी ओठाला लागणार असतो.

पेल्यांचं काम मिळालं तर आमच्याकडची पद्धत सांगतो. उरलेली भाकर आणि द्राक्षरस यांचं काय करायचं ते पाळक ठरवतात, आपण परस्पर टाकायचं नाही. पेले पहिल्यांदा स्वच्छ पाण्याच्या टोपात बुडवायचे, ते पाणी गटारात न सोडता झाडाच्या बुंध्याशी ओतायचं, मग साबण. पुसायला सुती पंचा, तो धागे सोडणारा नको. मेजावरच्या पांढऱ्या कापडावर रस सांडला तर लगेच थंड पाण्यात घालायचं. गरम पाण्याने डाग पक्का होतो. मेणबत्तीचं मेण नखाने खरवडायचं नाही. वर-खाली कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवली की मेण कागदात उतरतं. शेवटी पेले मोजून डब्यात.

खुर्च्या लावताना टोकाची एक जागा चाकाच्या खुर्चीसाठी मोकळी सोडा. कमी ऐकू येणाऱ्यांना स्पीकरच्या जवळ बसवा, पण अगदी समोर नको.

आणखी एक. तुमच्या चर्चमध्ये झाडलोट करणारा, घंटा वाजवणारा पगारी सेवक असेल तर त्याचं काम उत्साहाच्या भरात काढून घेऊ नका. त्याचं घर त्या पगारावर चालतं. "आता फुकट करणारे मिळालेत" असं कमिटीतल्या कोणाच्या मनात आलं, तर तुमच्या प्रेमाने एका कुटुंबाची भाकरी जाते. त्याला विचारा, त्याच्या हाताखाली काम करा.

४. वाचन आणि गायन

पुढे उभं राहण्याचं काम तीन-चार महिन्यांनी मागा. वाचनासाठी शास्त्रपाठ आठवडाभर आधी घ्या आणि कोणत्या आवृत्तीतून वाचायचं ते विचारा, कारण लोक हातातल्या प्रतीत बोट ठेवून सोबत वाचत असतात. घरी तीनदा मोठ्याने वाचा. मफीबोशेथ आणि नबुखद्नेस्सर ही नावं ध्वनिक्षेपकापुढे पहिल्यांदा भेटू नयेत. तोंड ध्वनिक्षेपकापासून वीतभर लांब ठेवा.

गायनमंडळात सरावाला आधी जा, रविवारी नंतर. 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक सगळीकडे असलं तरी एकाच गीताची चाल नगरला एक, मुंबईला दुसरी असू शकते, तेव्हा इथली चाल शिकून घ्या. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) भजन-कीर्तन मराठी मंडळीत रुजवलं ते सगळ्या मंडळीने गावं म्हणून. पट्टी तुमच्या गळ्याला शोभेल अशी नको, मागच्या बाकावरच्या आजोबांना झेपेल अशी धरा. पेटीवाल्याने हे लक्षात ठेवलं तर अर्धं काम झालं.

कॅथलिक वाचकांसाठी: वसईत किंवा मुंबईत तुम्ही फादरांना किंवा पॅरिश कौन्सिलला भेटाल. मिस्सात वाचन करणाऱ्यांना प्रशिक्षण असतं, आणि पवित्र कम्युनियन वाटायला धर्मप्रांताची नेमणूक लागते, ते मागून मिळत नाही. गरिबांच्या घरी जाऊन मदत करायची असेल तर तुमच्या पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटी आहे का ते विचारा. ती १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने मित्रांसोबत सुरू केली. जोडीने घरभेटी देण्याची तिची पद्धत आम्हीही उचलली आहे.

५. संडे स्कूल: इथे नियम आधी

मुलांवर प्रेम आहे एवढं इथे पुरत नाही. मुलांच्या सुरक्षेचे नियम कडक पाळणं हेच या ठिकाणी प्रेम आहे, असं मी आता मानतो.

वर्गात नेहमी दोन मोठी माणसं हवीत, आणि ती एकमेकांची नवरा-बायको नसतील तर बरं. दार उघडं किंवा काचेचं. एका मुलाला एकट्याने गाडीवरून घरी सोडायचं नाही, घर वाटेवर असलं तरी नाही. आई-बापाला न विचारता फोटो काढायचे नाहीत, आणि ग्रुपवर टाकायचे तर मुळीच नाहीत. हजेरीची वही ठेवायची आणि मूल कोणासोबत गेलं ते लिहायचं.

एखाद्या मुलाने तुम्हाला काही वाईट घडल्याचं सांगितलं तर शांतपणे ऐका. खोदून प्रश्न विचारू नका, "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे. पाळकांना सांगा, पण पाळकांना सांगितलं म्हणजे तुमचं कर्तव्य संपलं असं नाही. "मंडळीची बदनामी होईल" असं कोणी म्हणालं तर त्या मुलाचा चेहरा आठवा आणि पोलिस ठाण्याची वाट धरा.

शिकवण्याबद्दल थोडकंच सांगतो. एक गोष्ट, एक वस्तू, एक गीत. येशूला बघायला झाडावर चढलेल्या जक्कयाची गोष्ट सांगताना मी मुलांना आवारातल्या चिंचेखाली नेलं होतं. पुढचे सहा महिने त्या झाडाचं नाव जक्कयाचं झाड होतं. नाताळच्या नाटकासाठी घरून कपडे आणायला सांगू नका. ज्यांच्याकडे नाहीत ती मुलं त्या दिवशी आजारी पडतात. कपडे चर्चने द्यावेत.

६. आजारी माणसं आणि मयत

ही सेवा कोणी मागून घेत नाही, आणि मंडळीला सगळ्यात जास्त गरज हिचीच असते.

दवाखान्यात भेटीच्या वेळेतच आणि दोघांनी जा. दहा मिनिटं पुरे. खाटेच्या कडेवर बसू नका. "प्रार्थना करू का?" असं विचारा, आणि नको म्हणाले तर नुसतं बसा. आवाज हळू ठेवा, शेजारच्या खाटेवर दुसऱ्या धर्माचा माणूसही तितकाच दुखण्यात असतो. बरं होण्याची खात्री देऊ नका. औषध बंद करायला कधीही सांगू नका. गेल्यावर काय बोलावं सुचत नसेल तर एक काम शोधा. पाण्याची बाटली भरून आणा, रात्री थांबणाऱ्या मुलीला दोन तास घरी पाठवा.

इथला सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे प्रार्थनेच्या नावाखाली होणारी कुजबुज. "अमक्यासाठी प्रार्थना करा, त्यांच्या मुलाचं असं झालंय" असं म्हणत घरातली गोष्ट चार घरांत पोचते. मीही एकदा ही चूक केली. एका भावाने विश्वासाने सांगितलेलं त्याचं कर्ज मी मधल्या आठवड्याच्या प्रार्थनासभेत नावानिशी मांडलं. हेतू चांगला होता, पण तो भाऊ नंतर वर्षभर माझ्याशी बोलला नाही. मी त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली, त्याने ती दिली, तरी आमच्यात पहिल्यासारखं व्हायला वेळ लागला. नाव सांगायची परवानगी नसेल तर "एका कुटुंबासाठी" एवढंच म्हणा. देवाला पत्ता माहीत असतो.

मयत झाल्याचा फोन आला की घरच्यांना रडू द्यायचं आणि बाकी सगळं आपण उचलायचं. माझ्या पाकिटात एक चिठ्ठी कायम असते, ती अशी:

- पाळकांना आणि कमिटीच्या सेक्रेटरींना फोन, दफनाची वेळ
- डॉक्टरांचं मृत्यूचं प्रमाणपत्र, त्याच्या तीन प्रती (कबरस्तानात लागते)
- शवपेटीचं माप आणि सांगणं
- कबर खोदणाऱ्यांना निरोप, जुनी कौटुंबिक कबर असेल तर तिचा क्रमांक
- गाडी, खुर्च्या, पिण्याचं पाणी, गीतांचे कागद
- शवपेटी खाली सोडायला दोन मजबूत दोर, पावसाळ्यात ताडपत्री

घरच्यांना आठवण करून द्या की मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत करायची असते. आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा त्या घरी जा. पहिल्या आठवड्यात घर भरलेलं असतं, डबे येत असतात. नंतर कोणी फिरकत नाही, आणि जेवायला दोनच ताटं लागतात ती तेव्हा.

७. पैशाला हात लावण्याआधी

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या ६ व्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी चांगल्या साक्षीची (चांगलं नाव असलेली) सात माणसं निवडून घेतली. विश्वास होता तरी व्यवस्था लावलीच. तुम्हीही लावा.

दान मोजायला नात्यात नसलेली दोन माणसं, चर्चमध्येच, भक्तीनंतर लगेच. नोटांची फोड लिहून दोघांच्या सह्या. पैसे एक रात्रही घरी न्यायचे नाहीत. आयकर सवलतीची पावती (८०जी) मागणाऱ्याला सांगा की दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, तेव्हा चेक किंवा ऑनलाइन द्या. परदेशी नागरिकत्व घेतलेला एखादा नातेवाईक सुटीत येऊन प्रेमाने पाकीट देतो. चर्चकडे परदेशी देणगीची नोंदणी नसेल तर ते घेता येत नाही, नोंदणी असली तरी ते ठरावीक बँक खात्यातच यावं लागतं. नम्रपणे परत करा आणि खजिनदारांकडे पाठवा.

मदत वाटताना अट नको. शिधा घेणाऱ्याने प्रार्थनेला थांबलंच पाहिजे असं नाही, आणि त्याचा पिशवी घेतानाचा फोटोही नको.

८. सणांचे दिवस

नवा माणूस मंडळीत मिसळतो तो सणाच्या तयारीत. नाताळच्या कॅरलला गल्ली ठरवताना ज्या घरी यावर्षी मयत झाली आहे तिथे आधी विचारा. काहींना गाणं नको असतं, काहींना त्याच वर्षी सगळ्यात जास्त हवं असतं. ध्वनिक्षेपकाची पोलिस परवानगी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच मागा, रात्री दहानंतर तो बंद ठेवावा लागतो.

पण शिकायचं असेल तर हंगामाच्या सणाला थांबा. लोक भोपळे, गहू, अंडी, कोंबड्या, घरचं लोणचं आणतात, वेदीपुढे मांडतात आणि भक्तीनंतर लिलाव होतो. पहिल्या वर्षी मी नोंदी लिहायला बसलो होतो. एका आजीने चार अंडी आणली होती. लिलावात ती नऊशे रुपयांना गेली, आणि घेणाऱ्याने ती परत आजीच्याच पिशवीत ठेवली. त्या वहीतलं ते पान मी अजून जपून ठेवलंय. लिहिणाऱ्याने मात्र भान ठेवायचं: वस्तू, बोली, नाव, रोख की उधार, सगळं त्याच क्षणी. उधारी महिन्याभरात गोळा करायची, नाहीतर ती वर्षानुवर्षं राहते.

९. गटात ओढले जाल तेव्हा, आणि दमाल तेव्हा

कमिटीची निवडणूक जवळ आली की तुमच्याकडे अचानक चहाची आमंत्रणं येतील. चहा घ्या, सगळ्यांकडे घ्या. पण दोन वर्षं तरी कोणाच्या पॅनेलवर नाव देऊ नका. खुर्च्या लावणाऱ्या माणसाला दोन्ही बाजूंचे लोक घरात घेतात. बाजू घेतलीत की अर्ध्या मंडळीतल्या आजाऱ्यांची दारं तुम्हाला बंद होतात.

घरच्यांना आधी विचारून दिवस द्या. सगळे रविवार दिलेत तर मुलं चर्चवर राग धरतात, मी हे दोन घरांत पाहिलंय. महिन्यातला एक रविवार आपल्या माणसांशेजारी बाकावर बसायचं, बस्स.

आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा, कारण कधीतरी बदली होईल, आजारपण येईल, काम दुसऱ्याच्या हातात द्यावं लागेल. माझ्या पेल्यांच्या कामाची वही मागच्या वर्षी एका नव्या मुलीला दिली. त्यात पेले किती, पंचे कुठे वाळत घालायचे, द्राक्षरस कोणत्या दुकानातून आणि किती आधी सांगायचा, मोरीचा नळ डावीकडे फिरवला तर गळतो, भाकर चावता न येणाऱ्या दोन आजोबांसाठी तुकडा बारीक करायचा आणि ते कोणत्या बाकावर बसतात, हे सगळं आहे. पहिले तीन महिने मी तिच्या शेजारी उभा राहून पेले पुसले. आता ती वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिते. परवा पाहिलं, तिने तिसऱ्या आजोबांचं नाव घातलंय.